लहान मुलं, एकत्र खेळणं आणि मिळूनमिसळून वागणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सहकारनगरमध्ये दर शनिवारी संध्याकाळी आमचा छोटासा खेळगट भरतो, अडीच ते सात वर्षांची मुलं असतात. त्याआधी मी बरीच वर्षं बालवाडीत ताई होते. आईबाबा, आजीआजोबा फोनवर, व्हॉट्सॲपवर जे प्रश्न परत परत विचारतात ते इथे एकत्र केलेत. आधी साधे आहेत, मग अवघड होत जातात. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा दिलेलं नाही, जिथे संबंध आहे तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. सहकारी खेळ म्हणजे नक्की काय? मुलं खेळतात तेव्हा एकत्रच असतात ना?

एकत्र असणं वेगळं आणि मिळून खेळणं वेगळं. घसरगुंडीवर दहा मुलं असतात पण प्रत्येक जण आपापला घसरतो, मागच्याचा संबंध फक्त ढकलाढकलीपुरता. सीसॉ बघा, एकटं बसलं तर तो हलतच नाही, समोर कुणीतरी लागतंच आणि त्याचं वजन, त्याचा वेग, तो मध्येच उतरणार का, हे सगळं लक्षात घ्यावं लागतं. ज्या खेळात दुसऱ्याशिवाय काम होत नाही आणि काम झालं तर सगळ्यांचंच होतं, तो सहकारी खेळ. "दुसऱ्याचा विचार कर" असं तोंडाने शंभर वेळा सांगून जे होत नाही ते सीसॉवर पाच मिनिटांत सुरू होतं, कारण तिथे विचार केला नाही तर आपलाच खेळ बंद पडतो. या पानावरची बाकीची सगळी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

२. माझी मुलगी सव्वादोन वर्षांची आहे, बाकीच्या मुलांच्या शेजारी बसते पण त्यांच्याबरोबर खेळत नाही. काही बिघडलंय का?

नाही हो, अजिबात नाही. मिल्ड्रेड पार्टेन नावाच्या बाईंनी १९२९ च्या सुमाराला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात दोन ते पाच वर्षांच्या मुलांचा मोकळा खेळ बसून बघितला आणि त्याचे प्रकार मांडले. नुसतं इकडे तिकडे बघत राहणं, एकट्याने खेळणं, दुसऱ्याचा खेळ लांबून बघणं, शेजारी बसून पण आपापलं खेळणं, मग देवाणघेवाण करत खेळणं आणि शेवटी ठरवून, कामं वाटून, मिळून खेळणं. सव्वादोनला शेजारी बसून आपापलं खेळणं हे वयाला धरूनच आहे. साधारण तीन ते चारच्या मधे देवाणघेवाण दिसायला लागते, आणि "तू ड्रायव्हर हो मी कंडक्टर होतो" असं ठरवून खेळणं बहुतेकांचं चारच्या पुढे जमतं.

हे टप्पे एकामागून एक संपतात असं मात्र समजू नका. पाच वर्षांचं मूलसुद्धा दमलं की एकटं खेळतं, नवीन जागी गेलं की आधी लांबून बघत बसतं. तेव्हा सव्वादोनच्या मुलीला "जा, त्यांच्यात जा" म्हणून ढकलू नका, शेजारी बसू द्या, तिचं निम्मं शिकणं बघण्यातूनच चाललंय.

३. मुलगा सगळं "माझं माझं" म्हणतो. पाहुण्यांच्या मुलाने खेळण्याला हात लावला की रडून गोंधळ. त्याच्याकडून काढून दुसऱ्याला द्यावं का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. आणि आपल्याकडे पाहुण्यांसमोर आपलं मूल कंजूष दिसलं की आईला इतकं लाजल्यासारखं होतं की ती खेळणं हिसकावून देऊनच टाकते. कृपा करून असं करू नका. मूल त्यातून एवढंच शिकतं की जो मोठा आहे तो हिसकावू शकतो, आणि पुढच्या वेळी ते खेळणं आणखी घट्ट धरतं.

मी काय करते ते सांगते. आमच्याकडे एक पिवळा जेसीबी आहे, त्याच्यावर सगळ्यांचा डोळा असतो. एकाने घेतला आणि दुसरा आला की मी खाली बसते आणि पहिल्याला म्हणते, "तुझं खेळून झालं की याला देशील का? हा वाट बघतोय." बस. वेळ लावत नाही, मोजत नाही. वाट बघणाऱ्याला म्हणते, "चल तोपर्यंत आपण माती आणू, जेसीबी आला की लागेलच." बऱ्याचदा पहिलं मूल दोन मिनिटांत स्वतः उठून जेसीबी नेऊन देतं, आणि तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, कारण ते त्याने दिलेलं असतं, कुणी घेतलेलं नसतं. कधीकधी दहा मिनिटं देत नाही, तेही चालतं, वाट बघणं हेसुद्धा एक कौशल्यच आहे.

घरी पाहुणे येणार असतील तर आधी मुलाला विचारा, कुठली दोन खेळणी कपाटात ठेवायची? ती त्याची खास, ती कुणालाच नाही. बाकीची सगळ्यांची. आणि पाहुण्यांचं मूल आलं की लगेच खेळण्यांची पेटी उघडू नका, आधी दोघांनी मिळून करायचं काहीतरी द्या (प्रश्न ४ बघा).

हे का म्हणते तर त्यामागे एक छान प्रयोग आहे, २०११ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांच्या गटाने प्रसिद्ध केला होता. तीन वर्षांच्या दोन मुलांनी दोरीची दोन टोकं एकदम ओढली की फळी पुढे यायची आणि गोट्या मिळायच्या, पण एकाला तीन आणि दुसऱ्याला एकच. ज्यांनी मिळून ओढली होती त्या जोड्यांमध्ये तीनवाला आपणहून एक गोटी देऊन दोन-दोन करायचा, आणि तशाच गोट्या काही न करता आयत्या मिळाल्या तर असं वाटून घेणं खूप कमी व्हायचं. म्हणजे "वाटून घे" हे शिकवायच्या आधी मिळून ओढायला दोरी द्यायला हवी.

४. घरच्या घरी कुठले खेळ घेता येतील? काही खास सामान आणावं लागतं का?

काही आणू नका, घरात सगळं आहे. जुनी चादर घ्या, चौघांनी चार कोपरे धरायचे, मधे हलका चेंडू, तो पडू न देता वरखाली उडवायचा. परातीत एक लिंबू ठेवायचं, दोघांनी दोन बाजूंनी परात धरून हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत न्यायची, लिंबू खाली पडलं तर परत सुरुवात. हा खेळ दिसतो साधा पण दोन मुलं आपोआप एकमेकांना "हळू, हळू, थांब" म्हणायला लागतात आणि पावलं जुळवतात, ते बघत राहावंसं वाटतं.

घरकाम हाही खेळच आहे लहानांना. मोठी चादर घडी करायला दोघं लागतातच. मटार सोलताना एकाने शेंग उघडायची, दुसऱ्याने दाणे पातेल्यात टाकायचे. २००६ मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात मोठा माणूस कपडे वाळत घालताना चिमटा खाली पाडायचा आणि तो उचलायला हात लांब करायचा, तर दीड वर्षांची मुलंसुद्धा न सांगता चिमटा उचलून द्यायची. आपल्या गॅलरीत हे रोज होऊ शकतं, फक्त आपण घाईत असतो आणि "तू नको, बाजूला हो" म्हणतो.

आणि भातुकली तर आहेच. मुलगे-मुली दोघांनाही द्या.

५. वाढदिवसाला संगीत खुर्ची ठेवली की दरवेळी कुणीतरी रडतंच. दुसरं काय घ्यावं?

संगीत खुर्चीच घ्या, फक्त नियम उलटा करा. खुर्ची कमी होईल पण मूल कमी होणार नाही. आठ मुलं असतील तर आठ जागा, गाणं थांबलं की सगळ्यांनी बसायचं, मग एक जागा काढायची आणि तरी आठही जणांनी बसायचं. म्हणजे मग कुणाला तरी मांडीवर घ्यावं लागतं, सरकून घ्यावं लागतं, शेवटी दोन जागांवर आठ जण एकमेकांना धरून कसेबसे मावतात आणि हसून हसून लोळतात.

लहान मुलं असतील तर प्लॅस्टिकच्या खुर्च्या वापरू नका, त्या उलटतात. जमिनीवर बसायची आसनं किंवा सतरंजीच्या घड्या ठेवा. आणि जुन्या पद्धतीत जो आधी बाद होतो ना, तो बहुतेक वेळा सगळ्यात लहान किंवा सगळ्यात बुजरा असतो, म्हणजे ज्याला खेळाची जास्त गरज आहे तोच पहिल्या मिनिटाला भिंतीशी जाऊन उभा राहतो. मला हे बालवाडीत खूप उशिरा लक्षात आलं, त्याचं अजून वाईट वाटतं.

६. पण जगात स्पर्धा आहेच. हरणं पचवायला नको का शिकायला?

हवंच. पण कधी, हा प्रश्न आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला हरणं म्हणजे "मी वाईट" असंच वाटतं, त्याला खेळ आणि आपण हे वेगळं करता येत नाही अजून. पाच-सहा वर्षांपर्यंत मिळून जिंकायचे खेळ जास्त ठेवा, आणि हार द्यायचीच असेल तर सगळ्यांची मिळून द्या. म्हणजे उदाहरणार्थ सगळ्यांनी मिळून ठोकळ्यांचा मनोरा रचायचा, पडला तर सगळेच हरलो, चला परत रचूया. हरण्याची सवय तिथेही होते, फक्त एकट्याच्या अंगावर पडत नाही. पहिली-दुसरीत गेल्यावर सापशिडी, कॅरम, लगोरी खुशाल खेळू द्या.

७. आमच्या लहानपणचे खेळ यात बसतात का?

किती तरी बसतात, आणि माझं तर म्हणणं आहे की आधी तेच आठवा, मग इंटरनेटवर शोधा. साखळी घ्या, ज्याच्यावर राज्य तो एकाला पकडतो, मग दोघं हात धरून तिसऱ्याला, साखळी लांब होत जाते आणि दोन टोकं दोन दिशांना पळाली की तुटते, तेव्हा बोलून ठरवावंच लागतं कुणाच्या मागे जायचं ते. विषामृतमध्ये विष झालेल्याला अमृत द्यायला आपल्या गड्याने धोका पत्करून यावं लागतं, सोडवणं हाच खेळ आहे तो. लगोरीत एका बाजूच्या मुलांनी लगोऱ्या रचायच्या आणि त्यांच्याच बाजूच्या बाकीच्यांनी चेंडू चुकवत त्यांना वेळ मिळवून द्यायचा. भोंडल्यात तर हरणं-जिंकणं नाहीच, फेर धरायचा आणि शेवटी सगळ्यांनी मिळून खिरापत ओळखायची.

आणि कच्चं लिंबू! सगळ्यात लहान भावंडाला खेळात घ्यायचं पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. मोठ्या मुलांनी लहानाला सामावून घ्यायची ही पद्धत कुणी मोठ्या माणसाने शिकवलेली नाही, मुलांनीच पिढ्यानपिढ्या चालू ठेवलीय. एकच काळजी घ्या, एखाद्याला वर्षानुवर्षं कच्चं लिंबूच ठेवू नका. आमच्याकडे पाच वर्षांचा झाला की विचारतो, "आज पक्कं व्हायचंय का?" आणि ज्या दिवशी तो हो म्हणतो त्या दिवशी त्याच्यावर पहिल्यांदा राज्य येतं तेव्हा त्याला काय आनंद होतो!

८. दिवाळीचा किल्ला लहान मुलांबरोबर खरंच करता येतो का? आमच्या सोसायटीत शेवटी बाबा लोकच करतात.

येतो, आणि माझ्या मते पुण्यातल्या मुलांना याच्याइतकी चांगली शाळा दुसरी नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कंपाउंडच्या भिंतीशी कोपरा धरायचा, विटा, दगड, जुनी पोती, लाल माती. वयाप्रमाणे कामं असतातच, शोधावी लागत नाहीत. अडीच-तीनवाल्यांनी घमेल्यातला चिखल पायाने तुडवायचा आणि पेल्याने पाणी आणायचं. चार-पाचवाल्यांनी पोतं चिखलात बुडवून दोघांनी दोन टोकं धरून विटांवर पांघरायचं. सहा-सातवाल्यांनी पट्टीने पायऱ्या पाडायच्या, बुरूज करायचे, गुहा करायची. हळीव पेरायचं काम सगळ्यात लहान मुलाला द्या, चिमटीतून शिंपडायचं असतं आणि पुढचे तीन-चार दिवस रोज सकाळी कोंब आले का बघायला तोच सगळ्यांना ओढून नेतो. मोठ्यांनी फक्त विटा उचलायच्या आणि मग लांब खुर्ची टाकून बसायचं. हे लांब बसणंच जमत नाही बाबा लोकांना, त्यांना बुरूज सरळ हवा असतो.

मागे एका वर्षी आमच्या मुलांनी कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून मातीची चित्रं आणली, मावळे, गवळण, वाघ, आणि शिवाजी महाराज. महाराजांना सिंहासनावर कोण ठेवणार यावरून सहा वर्षांचे दोघं अडून बसले. आवाज चढले, एक जण रडायला लागला, मी उठणार होते पण थांबले. दोघं महाराजांची डबी मधे ठेवून बसून राहिले, बाकीच्यांचं काम चालूच होतं. मग एक चार वर्षांची मुलगी चिखलाचे हात घेऊन आली आणि म्हणाली, "एकाने काढून द्या, एकाने ठेवा." एवढंच. एकाने कागद सोडून महाराज बाहेर काढले, दुसऱ्याच्या दोन्ही हातांत दिले, आणि त्याने ठेवले. दुसऱ्या दिवशी रात्री मांजराने बुरूज पाडला तर सकाळी तेच दोघं मिळून दुरुस्त करत होते. मी उठले असते तर माझ्या निकालाने भांडण मिटलं असतं, पण ती चार वर्षांची मुलगी बोललीच नसती.

९. मुलगा खेळताना मारतो, कधी चावतो. काय करायचं?

आधी लागलेल्या मुलाकडे जा, मारणाऱ्याकडे नाही. मग मारणाऱ्याचा हात हळू पण घट्ट धरून एकच वाक्य, "मारायचं नाही, त्याला लागतं." भाषण नको, उलट फटका तर नकोच, कारण मग मारणं चालतं हेच तो शिकतो. नंतर शांत झाला की त्याला शब्द द्या, "मला पण हवंय म्हण", "सरक म्हण". तीन वर्षांच्या आतल्या मुलांकडे शब्द कमी असतात म्हणून हात आणि दात पुढे येतात.

आठवडाभर लिहून ठेवा की मारणं कधी होतं. भूक, झोप, गर्दी, नाहीतर एकच ठरावीक मूल, यातलं काहीतरी निघतंच. मारायच्या आधी जवळ जाऊन बसणं हा सगळ्यात चांगला उपाय. चारच्या पुढेही रोज आणि जोरात चालू असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला.

१०. सॉरी म्हणायला लावायचं की नाही?

जबरदस्तीने नाही. "सॉरी म्हण, म्हण आधी" असं केलं की मूल तोंडाने म्हणतं आणि सुटतं, पुढे काही नाही. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही चालू असतं हे मुलांना साधारण चार वर्षांच्या आसपास नीट कळायला लागतं. त्याच्या आधी सॉरी हा फक्त एक आवाज असतो. त्यापेक्षा विचारा, "त्याला बरं वाटायला काय करूया?" मुलं सुचवतात, पाणी आणून देतात, पडलेला मनोरा परत रचतात. हे झालं की सॉरी बऱ्याचदा आपोआप येतं, आणि नाही आलं तरी चालतं.

११. माझी मुलगी सगळ्यांवर हुकूम सोडते. "मीच टीचर, तू असं कर, तू तसं कर." बाकीची मुलं निघून जातात.

तिच्याकडे कल्पना भरपूर आहेत, बाकीच्यांना बरोबर घ्यायची रीत नाही अजून. तिला "दादागिरी करू नको" म्हणू नका, त्याऐवजी एक वाक्य शिकवा, "तू काय होणार?" खेळ सुरू करताना तिने हे प्रत्येकाला विचारायचं. आमच्याकडे एक लाल टोपी आहे, ज्याच्या डोक्यावर टोपी तो सांगेल ते करायचं, आणि एक डाव झाला की टोपी पुढच्याकडे. टोपी गेली की तिला दुसऱ्याचं ऐकावं लागतं, सुरुवातीला फार जड जातं. डोळ्यावर रुमाल बांधून दुसऱ्याने हात धरून न्यायचं, असे खेळ तिच्याबरोबर मुद्दाम घ्या, तिथे दुसऱ्यावर विश्वास टाकल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही.

१२. मुलगा बागेत गेला की माझ्या ओढणीला धरून उभा. लाजाळू मुलांना खेळात कसं आणायचं?

सगळ्यांच्या आधी पोचा. गर्दी झालेल्या जागी शिरणं अवघड असतं, पण रिकाम्या जागी आपण आधीच असलो आणि मुलं एकेक करून आली तर तेवढं जड जात नाही. पाच मुलांऐवजी एकच मूल घरी बोलवा, तेच मूल दोन-तीन वेळा. त्याला काम द्या, चेंडू लांब गेला की आणून देणं, खडूने रेघ आखणं, कामाच्या निमित्ताने तो आत जातो. आणि त्याच्यासमोर "आमचा जरा लाजतो हं" असं कुणालाही सांगू नका, तो ते ऐकतो आणि तसाच होऊन बसतो. लांबून बघत राहण्याबद्दल प्रश्न २ मध्ये लिहिलंय.

१३. भांडण झालं की मोठ्यांनी मधे कधी पडायचं?

लागणार असेल तर ताबडतोब. एक मूल कायम दबलं जात असेल तरीही. एरवी जवळ या, खाली बसा, आणि निकाल न देता जे दिसतंय ते बोला, "दोघांना एकच बादली हवीय. काय करायचं मग?" आणि थांबा. मनातल्या मनात वीस आकडे मोजा. बहुतेक वेळा पंधराच्या आत कुणीतरी काहीतरी म्हणतं. किल्ल्याची गोष्ट प्रश्न ८ मध्ये आहेच.

१४. एकच मूल आहे, सोसायटीत पार्किंगमध्ये खेळू देत नाहीत, बरोबरीची मुलंही नाहीत. कुठे न्यायचं?

जागेपेक्षा तीच ती मुलं परत परत भेटणं महत्त्वाचं आहे. रोज नवीन मुलं भेटली तर ओळखीतच वेळ जातो. दोन-तीन घरं गाठा आणि वार ठरवून टाका. संभाजी बाग, सारसबाग, नाहीतर तुमच्या जवळची महापालिकेची बाग, बऱ्याच बागा दुपारी बंद असतात तेवढी वेळ बघून जा. पेशवे उद्यानात फुलराणीच्या, म्हणजे मुलांच्या छोट्या आगगाडीच्या, रांगेत उभं राहणं, पुढच्याला जाऊ देणं, हाही सरावच आहे. मला स्वतःला टेकडी जास्त आवडते, तळजाईवर नाहीतर वेताळ टेकडीवर. खेळणी नसतात म्हणून भांडण कमी होतं, काठ्या आणि दगड सगळ्यांना पुरतात, आणि लांब लाकूड ओढायला दोघं लागतात.

१५. भावंडं टॅबवर एकत्र गेम खेळतात, ते चालेल का?

पाचच्या आतल्यांसाठी हे मी सहकारी खेळात धरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, दोन ते चारला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर चांगलंच, आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसात १८० मिनिटं हालचाल हवी. पण खरं कारण वेगळंच आहे, स्क्रीनवर दोघंही स्क्रीनकडे बघतात, एकमेकांच्या चेहऱ्याकडे नाही.

१६. आमच्या सोसायटीत मुलं हिंदी-इंग्लिश बोलतात, आमची फक्त मराठी. अडेल का?

लहान वयात फारसं नाही. चादर-चेंडूला भाषा लागत नाही. "मला पण घेता का" एवढं वाक्य तीन भाषांत पाठ करून द्या, खेळात शिरायला ते पुरतं. आणि आपले शब्द तिकडे जाऊ द्या, आमच्या गटात तमिळ बोलणाऱ्या घरातली मुलं "टाईमप्लीज" आणि "माझ्यावर राज्य नाही" अगदी झोकात म्हणतात.

१७. सासूबाई लगेच धावत जातात, नातवाला जरा कुणी काही बोललं की उचलून घेतात. त्यांना कसं सांगू?

"तुम्ही मधे पडू नका" असं सांगून काही होणार नाही आणि दुखावतील त्या वेगळंच. त्यांना काम द्या. "आई, तुमच्या लहानपणी कुठले खेळ होते, मुलांना शिकवता का?" आमच्याकडे एक आजी येतात, आधी नातवाच्या मागे मागे असायच्या, मग त्यांनी सगळ्या मुलांना "अडम तडम तडतड बाजा" म्हणत सुटायला शिकवलं, आता त्या सगळ्यांच्याच आजी आहेत आणि नातू रडला तरी दुसरं मूल आधी जातं त्याच्याकडे. आणि त्यांनाही प्रश्न १३ मधलं वीस आकड्यांचं सांगून बघा.

१८. शाळेत नुसतं खेळणंच चालू असतं, अक्षरं कधी शिकणार?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यात खेळातून शिकण्यावरच भर आहे. पण आपल्याकडे हे नवीन नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला, पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आताच्या पालघर जिल्ह्यात बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी नेली. पाने, शंख, बिया, माती हेच तिथलं साहित्य. जे मूल रांगेत थांबू शकतं, ऐकू शकतं, "मला कळलं नाही" म्हणू शकतं, त्याला पहिलीत अक्षरं जड जात नाहीत.

१९. मुलं ठरवून एकाला वगळतात, "तू नको आमच्यात." अशा वेळी?

"सगळ्यांनी त्याला घ्या" असं फर्मान काढलं तर घेतात, पण मग चेंडू देत नाहीत. मी खेळच असा बदलते की आणखी एक माणूस लागेल. "या नावेत पाणी शिरलंय, उपसायला माणूस कमी पडतोय." मग बोलावतात. वगळल्या जाणाऱ्याचंही बघा, तो दरवेळी खेळ मोडत असेल तर त्याला आधी वेगळं बसवून तो खेळ शिकवा. आणि वगळणं घर, जात, रंग, बोलणं अशा कशावरून असेल तर तिथे मी थांबत नाही, लगेच आणि स्पष्ट सांगते की असं इथे चालणार नाही, आणि त्याच संध्याकाळी पालकांशी बोलते. मुलं ते कुठून तरी ऐकूनच आलेली असतात.

२०. मुलाला ऑटिझम आहे (किंवा बोलणं उशिरा आहे). त्याला अशा खेळात घ्यावं का?

घ्यावं, पण त्याच्या पद्धतीने. तीच जागा, तोच क्रम, एका वेळी एकच जोडीदार, आवाज कमी. चेंडू इकडून तिकडे लोटणं, एकाने ठोकळा द्यायचा एकाने ठेवायचा, असे पुढे काय होणार ते आधीच माहीत असलेले खेळ. डोळ्यात बघायची सक्ती नको, हात धरायचीही नको. बाकीच्या मुलांना सरळ सांगा, "त्याला मोठा आवाज सहन होत नाही, हळू बोलूया", मुलं फार पटकन समजून घेतात. थेरपिस्ट असतील तर त्यांना विचारून खेळ ठरवा.

अजून निदान झालेलं नसेल, पण नावाने हाक मारली तरी वळून बघत नाही, बोटाने काही दाखवत नाही, खोटं खोटं खेळत नाही, आधी येणारे शब्द गेले, असं काही असेल तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अंगणवाडी आणि सरकारी शाळांमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते आणि पुढे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात.

२१. आमचा पाच वर्षांचा मुलगा एकटाच खेळण्यात खूश आहे. रडत नाही, घाबरत नाही, त्याला फक्त कुणी नको असतं. तरी शिकवायचं का?

वर प्रश्न २० मधलं काही नसेल, बोलावलं तर येत असेल, घरात गप्पा मारत असेल, तर त्याचा एकटा वेळ काढून घेऊ नका. आमच्याकडे असाच एक मुलगा होता, काडेपेट्यांची आगगाडी करायचा, तासभर, कुणाकडे बघायचासुद्धा नाही. मी त्याला गटात ओढलं नाही. फक्त त्याच्या काडेपेट्या मुद्दाम कमी ठेवल्या आणि बाकीच्या चार मुलांना चार-चार वाटून टाकल्या. पहिले दोन शनिवार त्याने छोटी गाडी केली आणि गप्प बसला. तिसऱ्या शनिवारी उठून एका मुलीजवळ गेला, बराच वेळ नुसता उभा राहिला, मग म्हणाला, "तुझे डबे माझ्या गाडीला लावायचे का?" ती म्हणाली, "लावू, पण गार्ड मी." त्यानंतरही तो बहुतेक शनिवार एकटाच खेळायचा, अधूनमधून गार्डला बोलवायचा.